रेणवीय जीवाश्म

रेणवीय जीवाश्म म्हणजे प्राचीन सजीवांच्या शरीरातील रेणूंचे गाळाच्या खडकांत आणि खनिज तेलात टिकून राहिलेले अवशेष. बायोमार्कर या नावानेही ते ओळखले जातात. पृथ्वीवरील जीवसृष्टीच्या इतिहासाचा बहुतेक काळ सूक्ष्मजीवांचा होता, आणि त्यांना ना हाडे होती ना कवच. त्या काळात कोण जगत होते, हे शोधताना या रेणूंचे मोल फार मोठे ठरते.

वरळीच्या लाव्हाथरांमधील गाळात एकोणिसाव्या शतकात सापडलेला इंडोबॅट्राकस हा छोटा बेडूक नेहमीच्या अर्थाने जीवाश्म आहे. त्याचा सांगाडा दिसतो. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रात, १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या विंधण-मंचाने शोधलेल्या मुंबई हायच्या तेलात मात्र दुसऱ्या प्रकारचे जीवाश्म विरघळलेले आहेत. त्यांतील ओलियानेन हा रेणू मुख्यतः सपुष्प वनस्पतींच्या द्रव्यांपासून बनतो. ज्या गाळापासून हे तेल तयार झाले, त्यात जमिनीवरच्या झाडाझुडपांचे अवशेष वाहून आले होते, हे त्यावरून समजते. भूगर्भशास्त्रज्ञ त्याचा उगम प्रामुख्याने पन्ना शैलसमूहात, म्हणजे साधारण ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात मानतात. खुद्द शहराखालचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. तो लाव्हा थिजून झालेला असल्याने असे रेणू त्यात शोधण्यात अर्थ नाही, आणि जीवनाच्या आरंभाच्या मानाने तो अगदीच अलीकडचा आहे.

सजीव मेल्यावर डीएनए आणि प्रथिने भूशास्त्रीय कालमानाने लवकर विघटित होतात. पेशीपटलातील मेदद्रव्ये अधिक चिवट असतात. गाळात गाडली गेल्यावर त्यांतील ऑक्सिजनयुक्त गट आणि दुहेरी बंध नाहीसे होतात, पण कार्बनचा सांगाडा शाबूत राहू शकतो. कोलेस्टेरॉलचे असे कोलेस्टेन होते. गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांच्या साहाय्याने खडकाच्या अर्कातले हे सांगाडे वेगळे करून ओळखतात. खडक फार तापला असेल, तर मात्र तेही मोडतात.

या शास्त्राचा आरंभ आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञापासून मानला जातो. १९३४ मध्ये त्यांनी कच्च्या तेलात पॉर्फिरीन हे वलयाकार रेणू ओळखले आणि त्याचे नाते हरितद्रव्याशी जोडले. खनिज तेल सजीवांपासून बनते, याचा तो ठोस रासायनिक पुरावा होता. पुढे स्ट्रासबर्ग येथील गी उरिसाँ आणि पिएर आल्ब्रेश्ट यांच्या संशोधनातून होपेन गटाचे, म्हणजे जीवाणूंच्या पेशीपटलातील मेदद्रव्यांच्या अवशेषांचे, महत्त्व उलगडले. या गटाचे काही रेणू आधी खडकांत सापडले आणि त्यांचे मूळ रेणू जिवंत जीवाणूंत नंतर. जीवशास्त्राला अपरिचित असलेली गोष्ट दगडाने दाखवून द्यावी, याचे यापेक्षा सुंदर उदाहरण क्वचितच आढळेल.

सर्वांत गाजलेले प्रकरण पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागाचे आहे. तेथील सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीच्या शेल खडकांत होपेन आणि स्टेरेन सापडल्याचे योखेन ब्रॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जाहीर केले. स्टेरेन हे स्टेरॉलांचे अवशेष. स्टेरॉल प्रामुख्याने दृश्यकेंद्रकी सजीव, म्हणजे पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले सजीव, बनवतात आणि ते बनवायला ऑक्सिजन लागतो. वातावरणात ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे दृश्यकेंद्रकी सजीव आणि ऑक्सिजन हे दोन्ही मानले जात होते त्याच्या कितीतरी आधी अस्तित्वात होते, असा निष्कर्ष निघत होता. परंतु २००८ मध्ये खडकातील मूळ कार्बनी पदार्थ आणि काढलेला अर्क यांच्या कार्बन समस्थानिकांत (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणात) तफावत दिसली, म्हणजे अर्क त्या खडकाचा नसावा. या अभ्यासात ब्रॉक्स स्वतः सहभागी होते. पुढे त्याच भागात नव्याने, तेलकट पदार्थांचा संपर्क कटाक्षाने टाळून विंधण घेण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत हे रेणू मोजता येतील इतकेही आढळले नाहीत. आधीचे रेणू बाहेरून मिसळले होते. रेणू सापडणे हा अर्धाच पुरावा. तो त्या खडकाचाच आहे हे दाखवणे अधिक कठीण, आणि या विषयाची खरी कसोटी तेथेच लागते.

आज भरवशाचा मानला जाणारा प्राचीन पुरावा उत्तर ऑस्ट्रेलियातील बार्नी क्रीक शैलसमूहातून मिळतो. तो सुमारे १६४ कोटी वर्षांचा असून त्यात जांभळ्या गंधक जीवाणूंच्या रंगद्रव्याचा अवशेषही आहे. नेहमीचे स्टेरेन एवढ्या जुन्या खडकांत का मिळत नाहीत, हे मोठे कोडे होते. २०२३ मध्ये ब्रॉक्स आणि सहकाऱ्यांना अशा खडकांत आद्यस्टेरॉलांचे अवशेष मिळाले. आजच्या स्टेरॉलांच्या निर्मितीतील मधल्या पायऱ्या एकेकाळी अंतिम उत्पादने असाव्यात, हा जीवरसायनशास्त्रज्ञ कॉनराड ब्लॉक यांचा तर्क त्यामुळे बळकट झाला. पश्चिम आफ्रिकेतील सुमारे ११० कोटी वर्षांच्या शेलमधून तर गुलाबी पॉर्फिरीन मिळाले आहेत. ते मुख्यतः सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंच्या हरितद्रव्याचे अवशेष असल्याचे नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून ठरवले गेले.

भारतातील लक्षणीय उदाहरण राजस्थानातील बाघेवाला येथील जड तेलाचे आहे. त्यातील रेणूंवरून ते कँब्रियन काळाच्या (सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या) सुमाराच्या किंवा त्याआधीच्या खडकातून आले असल्याचे १९९५ मध्ये दाखवण्यात आले. ओमानमधील तितक्याच जुन्या तेलांशी त्याचे साम्य आहे. मुंबई हायच्या तेलात ठळक असणारे सपुष्प वनस्पतींचे रेणू अशा तेलात असण्याचा प्रश्नच नाही, कारण तेव्हा त्या वनस्पती अस्तित्वातच नव्हत्या.

बार्नी क्रीकच्या खडकांहून फार मागे गेले की रेणूंची साथ सुटते. पिलबारातील सुमारे ३४८ कोटी वर्षांच्या स्ट्रोमॅटोलाइटसारख्या (सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनणाऱ्या) रचना आणि ग्रीनलंडमधील इसुआ येथील सुमारे ३७० कोटी वर्षांच्या ग्रॅफाइटमधील हलक्या कार्बनचे (सजीव ज्याला पसंती देतात त्या समस्थानिकाचे) प्रमाण, यांवरून तेथे जीवसृष्टीचा अंदाज बांधला जातो. इसुआच्या पुराव्याबद्दल मतभेद आजही आहेत.