कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील कचरावेचक आणि डबा-बाटलीवाले फेरीवाले यांची कामगार संघटना. स्थापना मे १९९३. सभासदांत बहुसंख्य स्त्रिया असून त्या प्रामुख्याने दलित समाजातील आहेत. अनेकींची कुटुंबे दुष्काळामुळे, विशेषतः १९७२ च्या, गाव सोडून पुण्यात आली. हाताशी जमीन नव्हती, शाळा झालेली नव्हती. शहराने टाकलेला कागद, काच आणि पत्रा मात्र विकत घेणारा कोणीतरी होता. संघटनेचे नाव त्याच मालावरून पडले.

या कामाची सुरुवात साक्षरतेतून झाली. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी अनौपचारिक वर्ग चालवत होत्या. मुले वर्गाला का येत नाहीत हे पाहायला त्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर वेचायला गेल्या. बायकांची मागणी साधी होती: कुंडीत हात घालावा लागू नये, घराच्या दारातच सुका माल वेगळा मिळावा. कुंडीत ओल्यात भिजलेल्या कागदाला भंगारवाला जेमतेम भाव देतो, कोरड्याला बरा. तेवढ्यासाठी काचेने हात कापून घ्यायचे आणि कुत्र्यांशी झुंजायचे. काही सोसायट्यांनी माल वेगळा द्यायला सुरुवात केली. पण एका व्यावसायिकाने गाडी लावून घरोघरचा कचरा उचलायला घेतला, तेव्हा हातची सोय जाण्याची वेळ आली. बायकांनी विरोध केला, आणि एकेका वस्तीपुरते एकत्र येऊन भागणार नाही हे तेव्हाच स्पष्ट झाले.

१९९३ च्या स्थापना अधिवेशनाला शहरभरातून आठशेहून अधिक कचरावेचक आले. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पुढे संघटनेचे अध्यक्ष झाले. हमालांची संघटना उभी करण्याचा त्यांचा अनुभव इथे उपयोगी पडला. ज्यांना कायदा कामगारच मानत नाही, ज्यांचा कोणी एक मालक नाही, त्यांची संघटना कशी बांधायची, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता. ‘पंचायत’ हा शब्दही त्याच परंपरेतला आहे.

संघटनेने दया मागितली नाही, ही तिची सर्वांत मोठी गोष्ट. वेचणे हे काम आहे आणि त्यामुळे महापालिकेचा पैसा वाचतो, असा तिचा युक्तिवाद होता. वेचलेला माल कचरा डेपोपर्यंत वाहून न्यावा लागत नाही, म्हणून वाहतुकीचा खर्च उतरतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे मिळाली. पोतं घेऊन पहाटे निघालेल्या बाईला चोर समजून अडवले गेले, तर दाखवायला आता तिच्याकडे काहीतरी होते. छोटे कार्ड, पण रोजच्या अपमानाला दिलेले ते उत्तर होते. पुढे पतसंस्था निघाली, आरोग्य विमा आला, सभासदांच्या मालाला रास्त वजन-भाव देणारी संघटनेची भंगार दुकाने उघडली.

सन २००० च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करून दारातून कचरा गोळा करणे बंधनकारक केले. हे काम ठेकेदारांच्या हाती गेले असते, तर वेचकांची रोजी बुडाली असती. त्यामुळे पंचायतीनेच पुढाकार घेतला आणि प्रायोगिक कामानंतर २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेशी पाच वर्षांचा करार करून काम करू लागली. रचना अशी: सभासद ढकलगाडी घेऊन ठरलेल्या घरांतून कचरा घेतात, घरे त्यांना दरमहा शुल्क देतात, आणि सुका माल विकून आलेले पैसे वेचकाचेच. महापालिका व्यवस्थापनाचा खर्च आणि साधने पुरवते. पुण्याजवळच्या फुरसुंगी-उरुळी देवाची इथल्या, शहराचा कचरा जिथे टाकला जाई त्या डेपोविरुद्ध तिथल्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली आहेत. शहरातच जेवढा कचरा मार्गी लागतो, तेवढा त्यांच्या उशाशी जाऊन पडत नाही.

वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे हाताळावे लागणे ही वेचकांची जुनी तक्रार. त्यासाठी वृद्ध सभासदांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनवायला घेतल्या, नागरिकांना पॅड कागदात गुंडाळून, वेचकांना ओळखता यावे म्हणून वर लाल ठिपका काढायला सांगण्यात आले, आणि वापरलेले पॅड थेट उत्पादक कंपन्यांकडे पाठवून जबाबदारीची आठवणही करून दिली गेली. या उपायांतली कल्पकता कामाच्या जागेवरच्या अनुभवातून आलेली आहे. ऑफिसात बसून लाल ठिपका सुचणे अवघड होते.

कराराची मुदत संपत आली की यंत्रे आणि ठेकेदारांची भाषा पुन्हा सुरू होते, आणि कागदाचा बाजारभाव उतरला की घरातली चूल त्याच दिवशी मंदावते. काही सोसायट्या अजूनही शुल्क द्यायला टाळाटाळ करतात. तरीही वेचकांच्या घरांतली पुढची पिढी शाळा-कॉलेजात गेलेली दिसते, आणि संघटनेच्या बैठकांत बायका महापालिका अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहून आपला हिशेब मांडतात.