शेंगदाण्याचे कूट व लोणी

भाजलेल्या भुईमुगाच्या दाण्यांची घरगुती साधनांनी केलेली कोरडी भरड म्हणजे कूट. तेच दळण पुढे चालू ठेवले की दाण्यातील तेल सुटून जो पसरता येणारा लगदा मिळतो, त्याला शेंगदाण्याचे लोणी किंवा पीनट बटर म्हणतात. एक उपवासाच्या खिचडीत आणि कोशिंबिरीत जाते, दुसरे पावाला लावतात. त्यामुळे दोन्ही स्वतंत्र पदार्थ समजले जातात. वस्तुतः ते एकाच प्रक्रियेचे दोन टप्पे आहेत. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली सोलापूरची शेंगाचटणी त्यांच्या मधोमध पडते.

इतिहास : भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतील. पेरूच्या किनारपट्टीवरील उत्खननांत त्याची टरफले मिळाली आहेत. सिपान येथील, इंकांपूर्वीच्या मोचे संस्कृतीच्या राजदफनात सोन्याचांदीच्या शेंगांचा हारही सापडला. एवढ्यावरून प्राचीन पेरूतील लोक किंवा इंका दाण्याचे लोणी करीत, असे लोकप्रिय लेखनात ठामपणे सांगितले जाते. टरफलांवरून दाणे खाल्ले जात एवढेच सिद्ध होते. लोण्याबद्दलचे विधान जपून घ्यावे. भाजलेला दाणा दगडावर वाटत राहिले की लगदा होतोच, तेव्हा तो अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे झाला असणे अधिक संभवनीय वाटते. पश्चिम आफ्रिकेतील दाण्याचे रस्से आणि इंडोनेशियातील गाडो-गाडो या भाज्यांच्या पदार्थावर घालायचे दाण्याचे वाटण ही त्याचीच रूपे. मात्र भुईमूग अमेरिकेबाहेर गेला तो बहुधा सोळाव्या शतकात, म्हणून ती त्यानंतरची होत.

आधुनिक लोण्याच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. माँट्रिऑलचे मार्सेलस गिलमोर एडसन यांना १८८४ मध्ये अमेरिकन एकस्व (पेटंट) मिळाले. भाजलेले दाणे तापवलेल्या पृष्ठभागांमध्ये दळून अर्धप्रवाही लगदा करण्याची कृती त्यात आहे. पण एकस्व होते ते दाण्याच्या मिठाईसाठी, लगदा हा तिचा घटक होता. मिशिगनमधील बॅटल क्रीक आरोग्यधामाचे जॉन हार्वी केलॉग यांची एकस्वे १८९० नंतरच्या दशकातील आहेत. त्यांनी दाणे भाजण्याऐवजी शिजवून घेतले, त्यामुळे त्यांच्या पदार्थाला आज ओळखीचा असलेला खमंगपणा नसणार. कृतीचा अग्रक्रम एडसनकडे आणि आहार म्हणून प्रसाराचे श्रेय केलॉगकडे, ही विभागणी सर्वांत सयुक्तिक दिसते. लोण्याचे जनक म्हणून अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे नाव शालेय पुस्तकांतून हटत नाही. पण त्यांची भुईमुगाच्या १०५ पाककृतींची प्रसिद्ध पत्रिका १९१६ ची आहे आणि तोवर लोणी अमेरिकेत दुकानांत विकले जात होते. १९२० नंतर जोसेफ रोझफील्ड यांनी अंशतः हायड्रोजनीकृत (वनस्पती तुपासारखे घट्ट केलेले) तेल वापरून वर तेल न साचणारे लोणी तयार केले. बाटलीतले लोणी आणि घरचे लोणी येथे वेगळे झाले.

भारतात भुईमूग पोर्तुगीजांमार्फत आला असे बहुधा मानतात. पूर्वेकडून, फिलिपीन्स-चीनमार्गे आल्याचेही मत आहे. दोन्ही वाटा खऱ्या असण्यास अडचण नाही. कुटाचा महाराष्ट्रातील वापर केव्हा रूढ झाला याचा कालनिर्णय करणे कठीण आहे. भुईमुगाची मोठी लागवड एकोणिसाव्या शतकातील असल्याने तो फार जुना नसावा.

प्रक्रिया : दाण्याच्या वजनाचा सु. ४५ ते ५० टक्के भाग तेल व सु. २५ टक्के प्रथिने असतात. तेल मोकळे नसते. पेशींच्या आत, प्रथिनांच्या पातळ आवरणातील अतिसूक्ष्म थेंबांत ते साठवलेले असते. भाजल्याने पाणी उडते, पेशीभित्ती ठिसूळ होतात आणि शर्करा व अमिनो अम्ले यांच्या अभिक्रियेतून खमंग वास येतो. दाणे चोळून, पाखडून साल काढतात. कूट करताना दाणे पूर्ण गार असावे लागतात व मिक्सर थांबवत थांबवत फिरवतात. बहुतेक पेशी शाबूत राहिल्याने भरड कोरडी राहते. दळण चालू ठेवले की सुटलेले तेल कणांना एकमेकांना चिकटवते आणि गोळा भांड्याच्या कडेला बसतो. नेमके याच वेळी पाणी घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण प्रथिने पाणी शोषून लगदा आणखी घट्ट करतात आणि टिकाऊपणाही जातो. कडा खरवडून दळत राहिल्यास घर्षणाच्या उष्णतेने तेल पातळ होते, घन कण त्यात तरंगू लागतात आणि गोळा एकाएकी सैल पडून वाहू लागतो. मीठ व साखर तेलात विरघळत नाहीत, म्हणून त्यांची पूडच वापरावी. घरगुती मिक्सर सलग चालवण्यासाठी बनवलेला नसतो. मोटर तापून ओव्हरलोड स्विच पडतो, तेव्हा मध्ये विसावा द्यावा लागतो. खलबत्त्यात चटणीपर्यंत सहज पोहोचता येते, लोण्यापर्यंत क्वचितच.

घरच्या कुटात तेल पूर्ण असते, त्यामुळे ते कारखान्यातील, बरेचसे तेल काढून घेतलेल्या दाण्याच्या पिठासारखे नसते. म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कुपोषणावर तयार केलेल्या बहुउद्देशीय अन्नात ७५ टक्के असे कमी तेलाचे दाण्याचे पीठ व २५ टक्के हरभऱ्याचे पीठ होते.

सुरक्षितता : ॲस्परजिलस बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी मेले, त्याचे मूळ ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडले व त्यातून या विषाचा शोध लागला. भाजल्याने ते पूर्ण नाहीसे होत नाही. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून टाकणे हाच घरगुती उपाय. एकदा कूट केले की खराब दाणा ओळखू येत नाही. भुईमुगाची ॲलर्जी काहींना प्राणघातक ठरते.

इतर फळे : बदाम व काजू यांवरही हीच प्रक्रिया लागू पडते. काजूकतलीसाठी पूड कोरडी हवी, म्हणून तेथे दळण लवकर थांबवतात. गोव्यात मार्झिपान (बदामपूड व साखरेची मिठाई) बदामाऐवजी काजूचे करतात. अक्रोडाचे लोणी सर्वांत लवकर होते, पण त्यातील तेल लवकर खवट होत असल्याने ते थोडेच करून शीतकपाटात ठेवावे लागते.