घरात बसणं कोणाला परवडलं?

२०२० च्या एप्रिलचा शेवट. सॅन फ्रान्सिस्कोत लॉकडाऊन लागून सव्वा महिना झाला होता. तिकडे न्यूयॉर्कमध्ये मृतदेह ठेवायला जागा पुरत नव्हती, पण इथले आकडे आटोक्यात होते आणि त्याचं कौतुकही होत होतं. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना मात्र त्या आकड्यांच्या पोटात वेगळंच काही दिसत होतं. कोविड वॉर्डातले बहुतेक रुग्ण स्पॅनिश बोलणारे होते. मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्व्हाडोर अशा देशांतून आलेली ही कुटुंबं. सरकारदरबारी त्यांची नोंद 'हिस्पॅनिक', एरवी लोक 'लॅटिनो' म्हणतात. त्यांची शहरातली जुनी वस्ती म्हणजे मिशन, रुग्णालयाला जवळजवळ लागूनच.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉ. डायान हॅव्हलिर यांनी स्थानिक लॅटिनो संघटनांना हाताशी धरलं आणि मिशनमधल्या एका छोट्या तुकड्यात सरसकट सगळ्यांची चाचणी करायची ठरवलं. लक्षणं असोत वा नसोत. हॅव्हलिर आणि त्यांचे काही सहकारी मूळचे एचआयव्हीचे संशोधक. युगांडा आणि केनियाच्या खेड्यांत जाऊन गावच्या गाव तपासण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तीच पद्धत त्यांनी अमेरिकेतल्या एका श्रीमंत शहरात वापरली. २५ ते २८ एप्रिल या चार दिवसांत तिथे राहणाऱ्या आणि तिथे कामाला येणाऱ्या ३,९५३ जणांची चाचणी झाली.

त्यांतल्या ८३ जणांच्या नाकातल्या नमुन्यात विषाणू सापडला. या ८३ पैकी ९५ टक्के लॅटिनो होते. तपासणीला आलेल्यांत लॅटिनो ४० टक्के आणि गोरेही साधारण तेवढेच होते. म्हणजे दोघे त्याच गल्लीत राहत होते, त्याच दुकानातून दूध आणत होते. तरीही तिथल्या रहिवाशांचा हिशेब केला तर लॅटिनोंमधलं संसर्गाचं प्रमाण ३.९ टक्के निघालं आणि इतरांमधलं ०.२ टक्के. बाधितांपैकी निम्म्याहून अधिक जणांना चाचणीच्या वेळी कसलाही त्रास नव्हता.

या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग त्याच्या पुढचा आहे. पीसीआर चाचणी आत्ता शरीरात असलेला विषाणू शोधते. रक्तातली प्रतिपिंडं पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाची खूण असतात. दोन्ही तपासण्या एकदम केल्या की कोणाला आधी लागण झाली आणि कोणाला नुकतीच, हे वेगळं काढता येतं. ज्यांना आधी होऊन गेला होता त्यांत लॅटिनो ६७ टक्के होते. ज्यांना नुकताच झाला होता त्यांत ९६ टक्के.

याचा सरळ अर्थ असा की सुरुवातीला विषाणू सगळ्यांच्याच दारात आला होता. लॉकडाऊन लागला आणि बाकीचे त्याच्या वाटेतून बाजूला झाले. लॅटिनोंना बाजूला होता आलं नाही. ज्या उपायाने शहर वाचलं, त्याच उपायाने विषमता वाढवली. उपाय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. तो अर्धाच राबवला गेला. घरात बसा असं सांगितलं, पण घरात बसून चूल कशी पेटणार याची सोय केली नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला तो सल्ला पाळताच येत नव्हता. लागण झालेल्यांपैकी फक्त १० टक्के लोकांना घरून काम करणं शक्य होतं.

हे फक्त मिशनपुरतं नव्हतं. साथीच्या आधीच, २०१७-१८ मध्ये, अमेरिकी श्रम खात्याच्या पाहणीत गोऱ्या कामगारांपैकी ३० टक्क्यांना घरून काम करता येत होतं, हिस्पॅनिक कामगारांपैकी १६ टक्क्यांना. उरलेले कुठे होते? शेतात, हॉटेलच्या भटारखान्यात, बांधकामावर, वृद्धांच्या शुश्रूषेला, मांस कापण्याच्या कारखान्यांत. मिशनमधली चाचणी संपली त्याच दिवशी, २८ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मांसप्रक्रिया कारखाने चालू ठेवण्याचा आदेश काढला. या कारखान्यांत कामगार खांद्याला खांदा लावून उभे असतात, हवा गार असते आणि यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं. विषाणूला याहून सोयीची जागा कुठली? साउथ डकोटातल्या सू फॉल्स इथल्या एका कारखान्यात तपासणीला गेलेल्या रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) पथकाला आढळलं की तिथले कामगार ४० भाषा बोलतात. आजारी वाटलं तर काय करायचं, ही साधी सूचना द्यायची तरी किती भाषांत द्यायची! मे अखेरपर्यंत अशा कारखान्यांतल्या १६ हजारांहून अधिक कामगारांना लागण झाल्याची नोंद झाली. त्यांतल्या ज्यांचा वंश नोंदलेला होता, त्यांच्यापैकी ५६ टक्के हिस्पॅनिक होते.

मृत्यूंचा हिशेबही तसाच. कॅलिफोर्नियात मार्च ते ऑक्टोबर २०२० या काळात १८ ते ६५ वयाच्या लोकांचे मृत्यू नेहमीपेक्षा किती वाढले हे संशोधकांनी मोजलं. गोऱ्यांमध्ये वाढ ६ टक्के, लॅटिनोंमध्ये ३६ टक्के, आणि शेती व अन्नव्यवसायातल्या लॅटिनो कामगारांमध्ये ५९ टक्के. देशभराचं जेवण पिकवणारी, कापणारी, शिजवणारी ही माणसं.

तरीही बराच काळ ही दरी अनेकांच्या लक्षात आली नाही, आणि त्यामागे आकडेशास्त्रातली एक खाच आहे. हिस्पॅनिक लोक अमेरिकेच्या लोकसंख्येत १८-१९ टक्के, आणि कोविडच्या मृत्यूंतला त्यांचा वाटाही साधारण तेवढाच. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की इथे अन्याय कुठे आहे? पण हा समाज फार तरुण आहे. २०१८ च्या आकडेवारीत अमेरिकेतल्या गोऱ्यांमध्ये सर्वाधिक लोक ५८ वर्षांचे होते, हिस्पॅनिकांमध्ये ११ वर्षांचे. कोविडचा धोका वयाबरोबर झपाट्याने चढतो. इतक्या तरुण समाजात मृत्यू खूप कमी व्हायला हवे होते. वयाचा फरक हिशेबात धरून तुलना केली, तेव्हा हिस्पॅनिकांचा मृत्युदर गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचाही दुप्पट किंवा त्याहून जास्त. वंशाची न घेतलेली नोंद आणि वय न पाहता केलेली तुलना, या दोन्हींमुळे माणसं दिसेनाशी होतात.

त्याआधी कित्येक दशकं या समाजाने सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना कोड्यात टाकलं होतं. उत्पन्न कमी, विमा नसलेले जास्त, तरी आयुर्मान गोऱ्यांपेक्षा अधिक. २०१९ मध्ये हिस्पॅनिकांचं सरासरी आयुर्मान ८१.९ वर्षं होतं, गोऱ्यांचं ७८.८. एका वर्षात, २०२० मध्ये, हिस्पॅनिकांचा आकडा ७७.९ वर आला. चार वर्षांची घसरण! मूळ रहिवाशांची त्याहूनही मोठी, ७१.८ वरून ६७.१. जनुकं काही एका वर्षात बदलत नाहीत. म्हणून 'त्यांच्या शरीरातच काही कमी असेल' हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही.

आजारी पडल्यावरही दवाखान्याची पायरी चढायला लोक घाबरत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेत एक नियम कडक झाला होता: काही सरकारी मदत घेतली तर कायम वास्तव्याचा अर्ज नाकारला जाऊ शकतो. कोविडची तपासणी आणि उपचार त्यात मोजणार नाही, असा खुलासा पुढच्याच महिन्यात आला, पण भीती खुलाशापेक्षा वेगाने पसरते. मार्चमध्ये सरकारने प्रत्येकी १,२०० डॉलरपर्यंत मदत मंजूर केली, ती वास्तव्याची कागदपत्रं नसलेल्यांना मिळाली नाही. नवरा-बायकोने एकत्र कर भरला असेल आणि त्यांतल्या एकाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकार देतं तो ओळख क्रमांक) नसेल, तर सुरुवातीला दुसऱ्यालाही नाही. अशा घरातल्या माणसाने खोकला आला म्हणून चाचणी करून घ्यावी तरी का? बाधित निघाला तर चौदा दिवसांची मजुरी बुडणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि रुग्णालयात पोचल्यावर बोटाला जो चिमटा लागतो, तोही सगळ्यांना सारखा न्याय देत नव्हता. पल्स ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो: ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचा आकडा निघतो. पण त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. यंत्राचं गणित बसवताना जास्त करून उजळ त्वचेच्या स्वयंसेवकांवर ते तपासलेलं असेल, तर गडद त्वचेवर आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी यंत्राचा आकडा आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी शेजारी ठेवून पाहिली. यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असूनही रक्तातलं प्रमाण प्रत्यक्षात ८८ च्या खाली गेलेलं होतं, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के तपासण्यांत आढळलं आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के. उपचार सुरू करण्याची वेळ याच आकड्यावरून ठरत होती. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक रुग्णांच्या बाबतीत ती वेळ आल्याचं उशिरा लक्षात येत होतं, हे २०२२ मधल्या एका अभ्यासाने दाखवलं.

हे वाचताना महाराष्ट्र आठवल्याशिवाय राहत नाही. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आपल्या आशाताई हेच यंत्र घेऊन दारोदार फिरल्या आणि आपल्याकडे तर त्वचेच्या सगळ्या छटा आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या सूचनांनुसार असं यंत्र किमान १० जणांवर तपासलं, त्यांत दोघे गडद वर्णाचे असले, की पुरे होतं. जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात ही संख्या १५० किंवा अधिक आणि त्वचेच्या सर्व छटांची माणसं अशी सुचवली आहे. आपल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ऑक्सिमीटरबद्दल हा प्रश्न आपणही विचारायला हवा.

मिशनमध्ये पुढे जे घडलं ते मात्र उमेद देणारं आहे. चाचणी करून चिठ्ठी हातात देणं पुरेसं नाही, हे या गटाने लगेच ओळखलं. बाधित निघालेल्या माणसाला त्याच्या भाषेत फोन जायचा. मग वस्तीतलेच कार्यकर्ते किराणा, मास्क, साफसफाईचं सामान घेऊन दाराशी यायचे आणि विलगीकरण संपेपर्यंत विचारपूस चालू ठेवायचे. जुलै २०२० मध्ये शहराने बाधित कामगारांना दोन आठवड्यांच्या किमान वेतनाएवढे, म्हणजे सुमारे १,२८५ डॉलर, द्यायला सुरुवात केली. कागदपत्रांची चौकशी न करता. माझ्या मते साथ रोखण्यासाठी खर्च झालेल्या पैशांत याहून शहाणपणाचा खर्च क्वचितच सापडेल, कारण तो धनादेश मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी ताप अंगावर काढत भटारखान्यात जात नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने आणखी एक पाऊल उचललं. जिल्ह्याला निर्बंध उठवायचे असतील तर तिथल्या सर्वांत वंचित वस्त्यांतलं बाधितांचं प्रमाणही खाली आलं पाहिजे, अशी अट घातली. श्रीमंत भागातले आकडे घसरले म्हणून दुकानं उघडता येणार नव्हती.

लस आली तेव्हा पुन्हा ठेच लागलीच. नोंदणी ऑनलाइन, बरीचशी इंग्रजीत, आणि भरदुपारी संगणकासमोर बसून वेळ पकडायची. राज्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांसाठी खास संकेतांक दिले, तर ते सधन लोकांच्या मोबाइलवर फिरले आणि त्यांनीच जागा अडवल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याने ४० टक्के डोस सर्वांत वंचित वस्त्यांसाठी राखून ठेवले. मिशनमध्ये त्याआधीच, फेब्रुवारीत, चोविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उघड्यावर लसीचं ठाणं उभं राहिलं होतं. स्पॅनिश बोलणारी, ओळखीची माणसं तिथे असायची आणि लस घेतलेल्यालाच सांगितलं जायचं की आता घरच्यांना आणि कामावरच्या सोबत्यांना घेऊन ये. देशभर अशी असंख्य ठाणी चर्चमध्ये, बाजारात, शेताच्या बांधावर लागली. २०२१ च्या सुरुवातीला लसीकरणात बरेच मागे असलेले हिस्पॅनिक २०२२ च्या मध्यापर्यंत गोऱ्यांच्या बरोबरीला आले, किंचित पुढेही गेले. आधी हेच लोक 'लसीला घाबरणारे' म्हणून बदनाम झाले होते.

पॅक्सलोविड हे कोविडवरचं औषध आलं तेव्हा मात्र रस्त्याच्या कोपऱ्यावरचं ठाणं कामाचं नव्हतं. त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत होती आणि लक्षणं दिसल्यापासून काही दिवसांतच ते सुरू करावं लागत होतं. म्हणजे फोन उचलणारा ओळखीचा डॉक्टर हवा. २०२२ च्या आकडेवारीत हिस्पॅनिक रुग्णांना ते मिळण्याचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघालं. बुजलेली दरी पुन्हा उघडी पडली. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेने आरोग्य-आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. साथीच्या काळात गरिबांच्या सरकारी विम्यातून कोणालाही काढायचं नाही असा नियम होता, तो त्याआधीच, एप्रिलपासून उठला होता. पुढच्या काळात दोन कोटींहून अधिक लोकांचा तो विमा गेला. त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत अपात्रता सिद्ध झालीच नव्हती. कारण होतं वेळेत न भरलेला एखादा फॉर्म किंवा जुन्या पत्त्यावर गेलेलं पत्र.