परतीचं कुरिअर कायम फुकटच असतं का?

"ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायचा खर्च कायद्याने दुकानदारानेच द्यायचा असतो" असा मेसेज किती वर्षं फिरतोय, आणि खरं वाटणं साहजिकच आहे कारण बऱ्याच साइट स्वतःहून फुकट पिकअप देतात. पण ती त्यांची सवलत असते, सरसकट नियम नाही.

आधी बघायचं की वस्तू परत का चाललीये. फुटकी आली, बिघडलेली निघाली, निळा मागवला आणि लाल आला, तर चूक विकणाऱ्याची, मग भाडं साधारणपणे त्यानेच द्यायचं. पण वस्तू धड आहे, फक्त मन बदललं, तर गोष्ट वेगळी. युरोपातल्या बऱ्याच देशांत 14 दिवसांत कारण न सांगता ऑर्डर रद्द करता येते, तरी परतीचं भाडं सहसा ग्राहकाकडेच असतं, हां, विकणाऱ्याने ते आधी सांगितलंच नसेल तर मात्र त्याच्यावर येतं.

म्हणून ऑर्डर करायच्या आधीच रिटर्न पॉलिसी उघडा, "रिटर्न शिपिंग" शोधा, आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवाच. आणि खोका उघडतानाच फोटो काढा, वस्तू आधीपासून फुटलेली होती हे नंतर सांगायला तोच कामी येतो.