पैशाची ओळख करून देणारे बाल-ॲप

पैशाची ओळख करून देणारे बाल-ॲप : साधारणतः चार ते आठ वर्षे वयाच्या मुलांना नाणी-नोटा ओळखणे, वस्तूची किंमत चुकती करणे, उरलेले पैसे परत घेणे आणि काही प्रमाणात पैसे साठवणे या गोष्टी खेळाच्या रूपाने शिकविणारी मोबाइल अथवा टॅबवरील आज्ञावली. पालकांच्या खात्याला जोडलेले कार्ड देऊन खरे व्यवहार करू देणारी ॲप (उदा., ब्रिटनमधील गोहेन्री, अमेरिकेतील ग्रीनलाइट, भारतात किशोरवयीनांसाठीचे फॅमपे) हा वेगळा वर्ग असून त्याचा विचार येथे केलेला नाही.

पूर्वपीठिका : अशा ॲपचे मूळ सहसा शालेय बचत बँकेत शोधले जाते. फ्रान्समधील ल मां येथे १८३४ मध्ये सुरू झालेली शालेय बचत बँक पहिली, असे जुने संदर्भग्रंथ मानतात. जर्मनीतील गोसलारचा त्याहून काहीसा आधीचा दाखलाही दिला जातो. चळवळीला खरा वेग आला तो १८६६ नंतर, बेल्जियममधील गेंट येथील कायद्याचे प्राध्यापक फ्रांस्वा लोरां यांच्या प्रयत्नांनी. अमेरिकेत जे. एच. थिरी या बेल्जियममधून आलेल्या गृहस्थांनी १८८५ मध्ये लाँग आयलंड सिटीच्या शाळांत ती पद्धत नेली. भारतात टपाल खात्याची बचत बँक १८८२ पासून असली, तरी शाळेतील मुलांनीच चालविण्याची बँक ‘संचयिका’ या नावाने स्वातंत्र्योत्तर काळात आली आणि १५ सप्टेंबर हा संचयिका दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

ही वंशावळ सोयीची असली, तरी पडद्यावर प्रत्यक्ष काय घडते ते पाहता ॲपचे जवळचे नाते दुसऱ्याच परंपरेशी दिसते. वर्गात मांडलेले खोटे दुकान, ‘चिल्ड्रन बँक’च्या खेळण्यातल्या नोटा, मुलांना स्वतः भाजी-खाऊ विकायला लावणारा जिल्हा परिषदेच्या शाळांतील बालबाजार हे तिचे नमुने होत. शालेय बँकेत मूल पैसे भरून वहीत नोंद करते. दुकानाच्या खेळात ते किंमत विचारते, मोजते, चुकते, पुन्हा मोजते. व्हिसा कंपनीच्या आर्थिक शिक्षण उपक्रमातील ‘पीटर पिग’ हा खेळ पाच ते आठ वर्षांच्या मुलांना नाणी मोजायला लावतो, तो याच दुसऱ्या परंपरेतला.

वयाचा वाद : ‘पैशाच्या सवयी सातव्या वर्षापर्यंत पक्क्या होतात’ हे विधान बहुतेक ॲपच्या जाहिरातीत आढळते. त्याचा उगम केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड व्हाइटब्रेड व स्यू बिंगम यांनी ब्रिटनच्या मनी ॲडव्हाइस सर्व्हिससाठी २०१३ मध्ये लिहिलेल्या अहवालात आहे. हा अहवाल म्हणजे पूर्वीच्या संशोधनाचा आढावा होय. मुलांच्या एखाद्या गटाचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा करून काढलेला तो निष्कर्ष नाही. नियोजन करणे, थांबणे, स्वतःच्या कृतीकडे मागे वळून पाहणे या सर्वसाधारण क्षमता लहान वयात आकार घेतात, एवढेच त्यातून निघते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी त्याचे वयोमर्यादेत रूपांतर केले. तथापि मर्यादित अर्थानेही हे मत ॲपच्या आराखड्याला उपयोगी पडते : सातच्या आतील मुलाला व्याज किंवा अंदाजपत्रक शिकविण्यापेक्षा क्रमाने एक-एक काम पार पाडायला लावणारी रचना अधिक युक्त ठरते.

मुलाची समज : या विषयाचा सर्वांत भक्कम पाया म्हणजे इटलीतील अन्ना एमिलिया बेर्ती व अन्ना सिल्विया बोंबी यांचे १९८० च्या सुमाराचे अभ्यास. तीन ते आठ वर्षांच्या मुलांशी दुकानाविषयी बोलून त्यांनी सहा पायऱ्या मांडल्या. आरंभी पैसे द्यावे लागतात याचीच जाणीव नसते. मग पैसे द्यावेच लागतात हे कळते, पण कोणतेही नाणे कोणत्याही वस्तूला चालते असे वाटते. तिसऱ्या पायरीवर सगळी नाणी सारखी नाहीत हे ध्यानात येते, चौथ्यावर पैसे कधी अपुरे पडतात हे उमगते, पाचव्यावर किंमत आणि रक्कम तंतोतंत जुळलीच पाहिजे असा आग्रह येतो. जास्त पैसे देऊन उरलेले परत घेणे ही शेवटची पायरी. सुटे परत मिळतात हे मुलाने आधीही पाहिलेले असते, पण तो दुकानाचा रिवाज आहे असे ते समजते. दुकानदार उलट आपल्यालाच पैसे देतो, अशीही काहींची समजूत असते.

याच्या पुढची अडचण नफ्याची. गुस्ताव जहोडा यांनी ग्लासगोमधील मुलांबरोबर दुकानाचा खेळ खेळून १९७९ मध्ये असे दाखविले, की दुकानदार माल कमी भावात आणतो आणि जास्त भावात विकतो हे प्राथमिक शाळेतील बहुतेक मुलांना दहाव्या वर्षाच्या आसपासपर्यंत नीटसे सांगता येत नाही. हाँगकाँगमधील मुलांना बँकेच्या नफ्याची कल्पना त्याहून लवकर येते, असे पुढील तुलनात्मक अभ्यासांत आढळले. म्हणजे या पायऱ्यांचा क्रम बराचसा स्थिर, पण त्यांचे वय भोवतालच्या व्यवहारावर अवलंबून, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्राझीलमधील रेसिफे येथे नारळ विकणारी मुले रस्त्यावर अचूक करीत असलेला हिशेब कागदावर चुकतात, हे १९८५ मधील पाहणीत दिसले. ती पाहणी अवघ्या पाच मुलांची होती. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरील, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बऱ्याच मोठ्या अभ्यासाने तीच दरी पुन्हा दाखविली, आणि शाळकरी मुलांना उलट बाजूने बाजारातील हिशेब जड जातो हेही नोंदविले. ‘३७ + ? = ५०’ असे गणित पडद्यावर मांडून कोपऱ्यात रुपयाचे चित्र काढणारे ॲप पैसा शिकवीत नाही, असा याचा व्यावहारिक अर्थ.

नाण्यांचे चित्रण : हा भाग आराखडाकारांना किरकोळ वाटतो आणि बहुतेक चुका येथेच होतात. मोठे नाणे ते जास्त किमतीचे, असा लहान मुलाचा स्वाभाविक कल असतो. भारतीय नाणी त्याला दाद देत नाहीत. २०११ च्या मालिकेत दोन रुपयांच्या नाण्याचा व्यास २५ मिमी. तर पाच रुपयांच्या नाण्याचा २३ मिमी. आहे. दृष्टिबाधितांना स्पर्शाने ओळखता यावीत म्हणून ७ मार्च २०१९ रोजी जाहीर झालेल्या मालिकेत आकार व वजन मूल्याबरोबर वाढत जातात : एक रुपया २० मिमी., दोन रुपये २३, पाच रुपये २५ आणि दहा रुपये २७. वीस रुपयांचे नाणेही २७ मिमी.चेच, परंतु ते बारा कडांचे आहे. बाजारात या सर्व मालिका एकत्र फिरतात, शिवाय २००७ च्या सुमाराची हस्तमुद्रांची नाणीही : एक रुपयावर वर केलेला अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटे. अक्षरओळख नसलेल्या मुलासाठी याहून सोयीचे नाणे भारतात निघाले नसावे. आरंभीच्या टप्प्यात एकच मालिका घ्यावी, नाण्यांची परस्पर प्रमाणे खरी ठेवावीत आणि जुन्या मालिका ‘ओळखा पाहू’ अशा निराळ्या खेळात आणाव्यात, हे योग्य. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चलनात असूनही दुकानांतून हद्दपार झाल्याने आणि २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून रद्द असल्याने रुपयाखालील पैशांचा विषय सुरुवातीला वगळता येतो. हिशेब पूर्ण रुपयांत, पूर्णांक संख्येतच साठवावा; दशांशात साठविल्यास संगणकाच्या गणनपद्धतीमुळे सूक्ष्म फरक शिरतात आणि मुलाचे बरोबर उत्तर चूक ठरण्याची शक्यता राहते.

नोटांची लांबीही २०१६ नंतरच्या मालिकेत मूल्याबरोबर वाढते : दहाची १२३ मिमी., शंभराची १४२, पाचशेची १५०. नोटेच्या मागील भाषापट्टीत पंधरा भाषा असून मराठी आठवी आहे. मराठी वाचू लागलेल्या मुलाला ती ओळ शोधायला लावणे हा चांगला खेळ होतो.

सुट्या पैशांचा हिशेब : दहा रुपये एक, दोन, पाच व दहाच्या नाण्यांनी अकरा प्रकारे देता येतात. ॲपने हे अकराही प्रकार बरोबर मानले पाहिजेत; सर्वांत कमी नाण्यांचे उत्तरच खरे धरणारी ॲप मुलाला विनाकारण चुकीचे ठरवितात. याउलट दुकानदाराच्या भूमिकेतील यंत्राला सुटे द्यायचे असतात, तेव्हा ‘मोठे मूल्य आधी’ ही सोपी रीत भारतीय मूल्यांना पुरते. पन्नासातून सदतीस वजा जाता तेरा, म्हणजे दहा, दोन आणि एक. मात्र गल्ल्यातील नाणी मर्यादित ठेवली, की ही रीत फसते. गल्ल्यात पाचचे एक व दोनची तीन नाणी असून सहा रुपये परत द्यायचे असतील, तर मोठे मूल्य आधी घेणारी आज्ञावली पाच उचलते आणि एका रुपयासाठी अडते. तीन दोन-दोनची नाणी तिला सुचत नाहीत. तेथे सर्व जुळण्या तपासणारी रीत लागते. रकमा लहान असल्याने तिचा यंत्रावर भार पडत नाही. खरा वाणी वजाबाकी करीत नाही, जोडत जातो : सदतीस, तीन दिले चाळीस, दहा दिले पन्नास. ॲपने सुटे असेच मोजत हातावर ठेवले, तर बेर्ती-बोंबींची शेवटची पायरी मुलाला दिसते तरी.

आवाज व संख्यावाचन : वाचता न येणाऱ्या मुलासाठी सूचना आवाजी असाव्या लागतात. मराठीत अडचण अशी, की ‘सदतीस’मध्ये सात आधी ऐकू येतो आणि लिहिताना तीन आधी येतो. बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ या धर्तीच्या वाचनाला जागा दिली, तेव्हा मोठा वाद झाला आणि विधानसभेतही त्याचे पडसाद उमटले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीचा मुद्दा मांडून बदलाचे समर्थन केले. पैशाच्या ॲपला या वादात बाजू घेण्याचे कारण नाही. दहाच्या तीन नोटा सरकताना ‘तीस’, मग सात नाणी पडताना ‘सात’ आणि शेवटी ‘सदतीस’ असे म्हटले, की दोन्ही रीती जागेवर येतात. दुकानात मुलाला ‘सदतीस’च ऐकू येणार, हे मात्र विसरता कामा नये.

बचतीचा भाग : बहुतेक ॲपमध्ये खर्च, बचत व देणगी असे तीन डबे असतात. थांबण्याच्या क्षमतेविषयी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या स्टॅनफर्डमधील प्रसिद्ध प्रयोगांचा (लगेच एक खाऊ की थांबल्यास दोन, अशी निवड मुलांपुढे ठेवणाऱ्या) आधार येथे घेतात. २०१८ मधील फेरअभ्यासात थांबणे आणि पुढील यश यांचा संबंध बराच क्षीण आढळला. प्रत्येक कृतीला तारा किंवा पदक देण्याची प्रथाही शंकास्पद आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ मध्ये दाखविल्याप्रमाणे, बक्षीस आधी कबूल केलेल्या मुलांची चित्रे काढण्याची आवड पुढे ओसरली.

कायदेशीर बाजू : चलनी नोटेशी साम्य असणारा दस्तऐवज बनविण्यावर पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४८९-ई चे बंधन होते, आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ मध्ये आले आहे. छापण्याची सोय देणाऱ्या ॲपने म्हणून खऱ्या नोटेच्या छायाचित्राऐवजी हाताने काढलेले, ‘नमुना’ असे लिहिलेले चित्र वापरणे इष्ट. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक असून तिची माहिती घेण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते, तिच्या वर्तनाचा माग काढणे व तिला उद्देशून जाहिराती दाखविणे यांस मनाई आहे. मुलांच्या ऑनलाइन माहितीविषयीच्या अमेरिकेतील १९९८ च्या कायद्याची मर्यादा तेरा वर्षे आहे. नाव, वय, छायाचित्र काहीही न विचारता, इंटरनेटविना चालणारे ॲप या कटकटीतून बहुतांशी सुटते, आणि साध्या ॲपला यातले काही लागतही नाही.

डिजिटल व्यवहार : यूपीआय २०१६ मध्ये आल्यापासून शहरी मुलाला नाणी हाताळलेली क्वचितच दिसतात, त्याला दिसतो फोन, क्यूआर कोडची चौकट आणि दुकानातील डब्यातून येणारा रक्कम मिळाल्याचा आवाज. काही आराखड्यांत कोड टिपताच पडद्यावरील नाण्यांचा ढीग तेवढ्याने कमी होतो आणि ढीग संपल्यावर कोड चालत नाही. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते उघडून चालविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून बँकांना दिली असून, तिच्या अटी २०२५ मध्ये नव्याने एकत्रित केल्या आहेत.