बैठ्या आकृती, पंधरा मिनिटे आणि अजिंठा

काळ्या शाईच्या मोजक्या, तुटक रेषांत बसलेली माणसे उभी करणारी एक्स्प्रेशनिस्ट, म्हणजे हुबेहूबपणापेक्षा भावनेच्या अभिव्यक्तीला महत्त्व देणारी, पद्धत घडली ती जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये. ७ जून १९०५ रोजी किर्शनर, हेकेल, श्मिट-रॉटलुफ आणि ब्लाइल या वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी 'ब्र्यूके' हा गट काढला. कला अकादमीत मॉडेल एकाच ठरीव पोझमध्ये तासन्‌तास बसे. यांनी दर पंधरा मिनिटांनी बैठक बदलायची प्रथा पाडली. तेवढ्यात छायाप्रकाश घोटायला वेळच नसतो. कोपर कुठे टेकलेय, भार कोणत्या मांडीवर आहे, एवढेच हाती लागते.

ब्रश होताच, पण या रेषेचा खरा स्वभाव बोरूतून येतो. बोरूच्या टोकाशी शाई फार मावत नाही. बुडवल्यावर रेघ ठसठशीत उतरते आणि थोड्याच अंतरावर कोरडी, खरबरीत होते. त्यामुळे पाठीची सबंध कड एका बुडीत क्वचितच निघते. रेघ तोडावीच लागते, आणि ती गुडघ्यावर किंवा खांद्यावर तोडली तर देह सांधलेला राहतो. भलतीकडे तुटली की आकृती ढासळते. दुरुस्तीसाठी तीच रेघ पुन्हा ओढली तर कागद शाई पितो आणि डाग फुटतो. लाखेची शाई बोरूच्या टोकाच्या चिरेत वाळली की आधी उतरत नाही, मग एकदम थेंब सोडते. म्हणून टोक मधूनमधून धुवावे, बोथट झाले की नव्याने तासावे. नवशिक्यांचा घोळ बहुधा चेहऱ्यापासून सुरुवात केल्याने होतो: खाली कागद संपतो आणि मांड्या आखूड पडतात. आधी बैठकीची जागा आखून घेतली की हे टळते.

या इतिहासातला आपल्याला जवळचा धागा अजिंठ्याचा आहे. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बऱ्याच लंडनमध्ये लागलेल्या एका आगीत जळाल्या, पण १८९६-९७ मध्ये त्यांवरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. तो किर्शनरला ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात सापडला आणि १९१०-११च्या सुमारास त्याने त्यातल्या आकृती स्वतःच्या हाताने उतरवून घेतल्या. छटा न देता, केवळ बाह्यरेषेवर देह भरीव कसा होतो, याचा इतका चांगला धडा त्याला दुसरीकडे क्वचितच मिळाला असता. १९११ साली तो बर्लिनला गेला, तशी रेषा टोकदार, अस्वस्थ होत गेली.

१९३७ साली नाझींनी किर्शनरची सहाशेहून अधिक कामे संग्रहालयांतून जप्त केली; पुढच्याच वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याच सुमारास नाझींपासून जीव वाचवून निघालेले व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर मुंबईत आले. त्यांच्या घरी जमणाऱ्या तरुण चित्रकारांपैकी काही जण १९४७ साली मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. त्या गटाचा एक संस्थापक म्हणजे गोव्याच्या साळगावचा, जे. जे.मधून काढून टाकलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा. त्याची शाईची रेषाही अशीच, खोडायला जागा न ठेवणारी.