जंतू सापडत नाही, दुखणं मात्र खरं

लघवीला जळजळ, ओटीपोटात जडपणा, बसलं की खाली ठसठस. आणि लघवीत जंतू शोधणाऱ्या तपासणीचा, म्हणजे कल्चरचा, रिपोर्ट कोरा. प्रोस्टेटायटिसच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या दाहाच्या, बहुतेक रुग्णांची कहाणी अशीच असते. त्यांना ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगून परत पाठवणं हा अन्याय आहे, आणि तो फार जुना आहे.

अँटिबायोटिक्स यायच्या आधी मुख्य उपचार मसाजचा होता. गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी दाबायची आणि तुंबलेला स्राव काढायचा, तोही पुन्हा पुन्हा. पुढे गोळ्या आल्या, आणि जंतू दिसो न दिसो, त्या दिल्या जाऊ लागल्या.

१९६८मध्ये अमेरिकेतल्या मिअर्स आणि स्टेमी या डॉक्टरांनी चार नमुन्यांची चाचणी मांडली. लघवीचे पहिले १० मिली मूत्रमार्गाचे, मधली धार मूत्राशयाची. मग मसाज करून ग्रंथीतून आलेले थेंब, आणि त्यानंतरच्या लघवीचे पहिले १० मिली. जंतू शेवटच्या दोन नमुन्यांत ठळकपणे जास्त निघाले, तरच त्यांचा मुक्काम प्रोस्टेटमध्ये. चाचणी नेमकी होती, पण वेळखाऊ. दवाखान्यांत ती फारशी रुळली नाही. तिच्यामुळे एक गोष्ट मात्र लपून राहिली नाही: बहुतेकांच्या ग्रंथीत जंतू नव्हतेच.

१९९५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं चार प्रकार ठरवले: जंतूंमुळे अचानक उद्भवणारा, जंतूंमुळेच रेंगाळणारा, जंतूंशिवायचं कटिभागाचं (ओटीपोट आणि त्याखालच्या भागाचं) जुनाट दुखणं, आणि काहीच त्रास नसताना तपासणीत सापडणारा दाह. दहापैकी नऊ रुग्ण तिसऱ्या प्रकारातले. त्रास किती हे मोजण्यासाठी याच संस्थेची रुग्णांनी भरायची प्रश्नावली १९९९मध्ये आली; तिच्यात ४३पैकी २१ गुण वेदनेलाच दिलेले आहेत. रुग्णाचं दुखणं अखेर कागदावर मोजलं गेलं.

आज उपचार प्रकारानुसार ठरतात. थंडी वाजून ताप आणि लघवी अडलेली असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठायचं. अशा वेळी मसाज वर्ज्य, कारण जंतू रक्तात जाऊ शकतात. जंतूंच्या जुनाट दाहाला साधारण चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक्स लागतात. तिसऱ्या प्रकारात लघवीची वाट सैल करणारी औषधं, शेक, मनावरच्या ताणाकडे लक्ष, आणि कटितळाच्या, म्हणजे ओटीपोटाला खालून आधार देणाऱ्या, स्नायूंची फिजिओथेरपी. कित्येकांचे हे स्नायू इतके आखडलेले असतात, की तिथं बोट दाबताच रुग्ण म्हणतो, “हेच, इथंच दुखतं.”